राखी सोडली, मग हक्कसोड का नाही सोडली?

दरवर्षी २५ डिसेंबरला आपल्या वस्त्यांमध्ये स्त्रीमुक्ती दिन साजरा होतो. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली, तो इतिहास सांगितला जातो. मग वक्ता हिंदू कोड बिलावर येतो. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला हे सांगताना त्याचा आवाज चढतो आणि समोर बसलेल्या आयाबहिणी टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांपैकी किती हातांनी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले आहे, हे कोणी विचारत नाही. आमच्या नात्यागोत्यात आणि महिला मंडळात आम्ही विचारले. सही न केलेली बहीण शोधावी लागली.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी सही न करणाऱ्यांपैकी आहोत. "बापाचं घर कोर्टातून विकायला लावणाऱ्या पोरी" अशी आमची ओळख वस्तीत झाली आहे. ती पुसण्याची आम्हाला घाई नाही. पण विकायला लावले म्हणजे नेमके काय केले, कायद्यात ते कसे होते आणि आंबेडकरी म्हणवणाऱ्या घरात त्याची गरज का पडली, हे आपल्या तरुण मुलामुलींना समजले पाहिजे. म्हणून हा लेख.

घर उत्तर नागपुरातले. बाबा रेल्वेत खलाशी म्हणून लागले आणि फिटर म्हणून रिटायर झाले. पंचवीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट त्यांनी हप्त्याने घेतला. आई विड्या वळायची. प्लॉटचे कितीतरी हप्ते विडीच्या पैशातून गेले. बांधकाम सुरू असताना शाळेतून आल्यावर आम्ही दोघी भिंतींना पाणी मारायचो आणि भाऊ खेळायला जायचे. त्यात नवल काही नव्हते, सगळ्या वस्तीत तसेच होते. पण पुढे कोर्टातल्या लेखी जबाबात "हे घर मुलांनी कष्टाने उभे केले" असे वाक्य आले, म्हणून सांगावे लागते. आखीव पत्रिकेवर नाव एकट्या बाबांचे. आईचे नाव लावावे असे कोणाला सुचले नाही, आईलाही नाही.

बाबा मृत्युपत्र न करता गेले. काही वर्षांनी आईही गेली. घरात दोघे भाऊ राहत होते, थोरला खाली, धाकटा वर. मग आमच्यापैकी धाकटीचा नवरा अचानक गेला. दोन लेकरे घेऊन ती माहेरी आली आणि मागच्या खोलीत तीन महिने राहिली. चौथ्या महिन्यात दादा म्हणाला, "आता तुझं तू बघ. दुसऱ्याच्या घरात किती दिवस राहशील?"

दुसऱ्याच्या घरात! ज्या भिंतींना तिने पाणी मारले होते त्या भिंतींत बसून तिने हे ऐकले. ती भाड्याच्या खोलीत गेली. तेव्हाही आम्ही कोर्टाचा विचार केला नव्हता.

या घरात आमचा वाटा आहे हे आम्हाला कळवले ते एका बिल्डरने. दादाने त्याच्याशी बोलणी केली होती. बिल्डरच्या वकिलाने सर्च काढला आणि विचारले, दोन बहिणी आहेत, त्यांचे हक्कसोड कुठे आहे? पुढच्याच रविवारी दोघे भाऊ मिठाईचा पुडा आणि शे-पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेला मसुदा घेऊन आमच्या दारात उभे. मसुद्यात लिहिले होते की आम्ही कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने, भावांवरील प्रेमापोटी आमचा हक्क कायमचा सोडत आहोत. तीन महिन्यांत संपलेले माहेर त्या एका सहीपुरते पुन्हा सुरू झाले होते.

आता मुद्द्याचे बोलू. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात राखी नाही, भाऊबीज नाही. ब्राह्मणी सण म्हणून ते सोडले आणि चांगलेच केले. पण राखीच्या मागे एक व्यवस्था आहे. बहिणीने ओवाळायचे, भावाने रक्षणाचे आश्वासन द्यायचे आणि घर-जमीन भावाने ठेवायची. या व्यवस्थेतले ओवाळणे तेवढे आपण सोडले. घर-जमीन भावाकडेच राहिली. सणाचा खर्च वाचला आणि मनूचा कायदा घरात शाबूत राहिला. आपल्या समाजात हक्कसोडपत्राकडे कोणी धार्मिक रूढी म्हणून पाहत नाही, म्हणून बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही ते बिनबोभाट चालते.

भावांचे म्हणणे काय होते तेही नीट मांडतो, कारण उद्या हेच तुमच्या घरात ऐकायला मिळेल.

धाकटा भाऊ चळवळीतला आहे, वाचणारा आहे. त्याने विचारले, "ताई, आपण बौद्ध आहोत. हिंदूंचा कायदा आपल्याला कशाला लावून राहिली?" प्रश्न वरून तेजस्वी वाटतो. पण हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला तेव्हापासून त्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा समावेश आहे. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर आपले पूर्वज बौद्ध झाले, त्याच्या चार महिने आधी ही तरतूद अमलात आलेली होती. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलातही बौद्ध, जैन, शीख यांना तो कायदा लागू होता आणि संसदेत त्यांनी त्याचे समर्थन केले होते. कायद्याच्या नावातल्या "हिंदू" शब्दावर आक्षेप असेल तर जरूर घ्या, आमचाही आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र कायदा हवा असेल तर तीही मागणी करा. पण त्या कायद्यात मुलीला मुलापेक्षा कमी वाटा असेल, असे म्हणण्याची हिंमत कोणत्या आंबेडकरी माणसात आहे? आणि आमचा भाऊ बाबांचा वारस झाला तो तरी कोणत्या कायद्याने? स्वतःच्या वाट्यापर्यंत हिंदू कायदा चालतो आणि बहिणीच्या वाट्याची वेळ आली की धम्म आठवतो, हे काही खरे नाही.

दुसरे म्हणणे, मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला, बाबा तर त्याआधीच गेले. हा गैरसमज वकिलांच्या ओट्यावरही ऐकू येतो. वडिलांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत, त्यांनी मृत्युपत्र केले नसेल तर, मुलगी मुलाइतकीच वारस आहे आणि ती १९५६ पासून आहे. राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. बाबासाहेब कायदामंत्री असताना प्रवर समितीत तो मुलाच्या बरोबरीचा झाला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी जन्मापासून सहदायाद झाली. महाराष्ट्राने ही सुधारणा काही मर्यादा ठेवून १९९४ मध्येच केली होती. आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केले.

राहत्या घराची गोष्ट मात्र वेगळी होती आणि ती आपल्या सभांमध्ये कोणी सांगत नाही. १९५६ च्या कायद्याने मुलीला घरात वाटा दिला, पण कलम २३ ने तिच्या हातातून किल्ली काढून घेतली. कुटुंब राहते त्या घराची वाटणी मुलगी मागू शकत नव्हती. पुरुष वारस आपापसात वाटणी करायला निघतील तेव्हाच तिने आपला वाटा घ्यायचा. १९९६ मध्ये नरसिंह मूर्ती विरुद्ध सुशीलाबाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकच पुरुष वारस असला तरी हा अडसर लागू होतो असे म्हटले. म्हणजे एकुलता एक भाऊ असेल तर तो जन्मभर वाटणी करणार नाही आणि बहिणीने जन्मभर थांबायचे. ९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम रद्द झाले. आमच्या आईच्या पिढीतल्या किती बायका वाटा असूनही दाराबाहेर राहिल्या असतील!

तिसरे म्हणणे, तुमच्या लग्नात खर्च केला. आमची दोघींची लग्ने बौद्ध पद्धतीने, विहारात झाली. भावांची लग्नेही झालीच की, त्यांचा खर्च त्यांच्या वाट्यातून कोणी वजा केला? चौथे, आईला आम्ही सांभाळले. धाकट्या भावाने आईचे दवाखाने केले, हे खरे आहे. वरचा मजला त्याने स्वतःच्या कर्जातून बांधला, हेही खरे आहे. म्हणून पहिल्याच तारखेला आम्ही लिहून दिले की वरच्या मजल्याच्या बांधकामाची किंमत आमच्या हिशेबात धरू नका.

आता कोर्टात काय घडले ते. बाबांनंतर आई आणि आम्ही चार भावंडे, पाच जणांचे पाच समान वाटे. आईनंतर तिचा वाटा चौघांत गेला आणि प्रत्येकाचा पाव हिस्सा झाला. आम्ही वाटणीचा दावा लावला. खर्चाची धास्ती होती. पण महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्तेच्या वादात बायकांना कोर्ट फी माफ आहे, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे जिल्हा कोर्टातल्याच विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात कळले.

आधी प्रिलिमिनरी डिक्री होते. त्यात कोणाचा किती वाटा हे ठरते. पुष्कळ बहिणींची लढाई इथेच थांबते. कागदावर पाव हिस्सा मिळतो आणि घर भावाच्या ताब्यात तसेच राहते. १३ जून २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना सांगितले आहे की प्रिलिमिनरी डिक्रीनंतर पक्षकाराच्या वेगळ्या अर्जाची वाट न पाहता अंतिम डिक्रीकडे जावे. तुमच्या वकिलाला हे सांगा.

मग कोर्ट कमिशनर फीत घेऊन आला. सरस-निरस वाटप करायचे तर समोरची रुंदी पंचवीस फूट, चौघांत सव्वासहा फूट. जिना एक, संडास एक, बोअर एक. घराचे चार तुकडे होत नाहीत असा त्याने अहवाल दिला. अशा वेळी १८९३ चा पार्टिशन अॅक्ट म्हणजे वाटणीचा कायदा कामी येतो. इंग्रजांच्या काळातला हा छोटा कायदा आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असायला हवा. कलम २ म्हणते की मालमत्ता सोयीने वाटता येत नसेल आणि विकून पैसे वाटणे जास्त हिताचे असेल तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकते. पण मागणी करणाऱ्यांचा मिळून निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा पाहिजे. आमचे दोन पाव, म्हणजे नेमका निम्मा. आमच्यातली एकजण मिठाई खाऊन सही करून बसली असती तर दुसरीला हा अर्जच करता आला नसता.

विक्रीचा अर्ज दिला त्या दिवशी वस्तीत बोभाटा झाला की पोरींनी बापाचे घर लिलावात काढले. कायदा तसा नाही. विक्री मागितली की कलम ३ नुसार दुसरा हिस्सेदार उभा राहून म्हणू शकतो की यांचा वाटा मीच घेतो. मग कोर्टाने मूल्यांकन करून त्या किमतीला तो वाटा आधी त्यालाच द्यायचा असतो. दोघे तयार झाले तर मूल्यांकनाच्या वर जो जास्त देईल त्याला. कोणीच पुढे आले नाही आणि लिलाव झालाच, तर कलम ६ नुसार कोर्ट राखीव किंमत ठरवते आणि हिस्सेदारही बोली लावू शकतात. इथे एक इशारा. विक्री मागणाऱ्याने आपला वाटा एका अर्थी टेबलावर ठेवलेला असतो. दुसऱ्याने तो घ्यायचा अर्ज केला की आपली मागणी मागे घेऊन त्याचा हक्क बुडवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राममूर्ती अय्यर खटल्यात १९७२ मध्येच सांगितले आहे. त्यामुळे ज्या बहिणीला पैसे नकोत, त्या घरात राहायचेच आहे, तिने हा अर्ज विचार करून द्यावा.

मूल्यांकनात खरी करमणूक झाली. बिल्डरपुढे मोक्याची जागा म्हणून सांगितलेले घर कोर्टात "जुने, पडके आणि गल्लीतले" झाले. कोर्टाच्या मूल्यांकनकाराने रेडी रेकनरचा दर पाहिला, आजूबाजूची खरेदीखते पाहिली, आणि आकडा ठरवला. दादाला थेट लिलाव हवा होता, कारण त्याच्या डोक्यात अजून तो बिल्डर होता. धाकट्या भावाने मात्र कलम ३ चा अर्ज दिला. गृहकर्ज काढून त्याने आमचे दोन्ही वाटे घेतले. सगळे मिळून सात वर्षे गेली.

आज घर उभे आहे. त्यात आमचाच भाऊ राहतो. दादाचा पाव हिस्सा अजून त्याच्या नावावर आहे. त्याने तो बाहेरच्या माणसाला विकला आणि त्या माणसाने वाटणीचा दावा लावला, तर कलम ४ नुसार राहत्या घरातला तो वाटा मूल्यांकनाच्या किमतीला घेण्याचा हक्क कुटुंबातल्या माणसाला आहे. म्हणजे आम्ही ज्या कायद्याने विक्री मागितली, त्याच कायद्याने घर बाहेर जाण्यापासून अडवलेही जाते. आम्ही हक्कसोड दिले असते तर त्या जागी आज बिल्डरची पाटी असती.

पैशाचे काय केले, हेही लोक विचारतात. आमच्यापैकी धाकटीने शहराच्या कडेला एक खोली-किचनचा फ्लॅट घेतला, स्वतःच्या एकटीच्या नावावर. आमच्या खानदानात बाईच्या नावावर झालेले ते पहिले घर. थोरलीने मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला पैसे लावले.

यावर चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला प्रेमाने समजावले. म्हणाले, "बाई, आपल्या समाजाकडे आधीच किती घर-जमीन आहे? पोरी अशा वाटे मागू लागल्या तर आहे तेही तुकड्यात जाईल." हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मालमत्ता ठेवू दिली नाही, त्यांच्या पहिल्याच पक्क्या घराची वाटणी होते तेव्हा काळजात चर्र होणारच. पण आम्हाला एक विचारायचे आहे. समाज म्हणजे कोण? भावाच्या नावावरचे घर ते समाजाचे घर, आणि दोन लेकरे घेऊन भाड्याच्या खोलीत गेलेली विधवा बहीण ती समाजाबाहेरची? आमच्या वाटणीनंतर समाजाचे एक घर कमी झाले नाही. एक वाढले. राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेबांनी सांगितले त्याचा आशय हाच होता की स्त्री-पुरुष विषमता तशीच ठेवून बाकीचे आर्थिक कायदे करत राहणे ही राज्यघटनेची थट्टा आहे. ही थट्टा संसदेत झाली तर आपण मोर्चा काढतो. घरात झाली तर तिला प्रेम म्हणतो.

नाते तुटले का? धाकटा भाऊ आमच्याशी बोलत नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या गर्दीत तो समोर आला, भाचरांना जवळ घेतले आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. याचे दुःख आम्हाला आहे आणि राहील. कोर्टात जाणाऱ्या कोणत्याही बहिणीला आम्ही खोटा धीर देणार नाही, किंमत मोजावी लागते. पण ती किंमत वाटा मागितल्यामुळे लागते असे नाही, वाटा मागावा लागतो म्हणून लागते. भावाने स्वतःहून दिला असता तर सात वर्षे, त्याचे वकील आणि आमचे अबोले, सगळे वाचले असते.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. आईवडील हयात असतील तर घरावर आईचे नाव लावा. वडील गेल्यावर वारस नोंद करताना सगळ्या बहिणींची नावे घाला, तिने मागायची वाट बघू नका. बहिणींनो, न वाचता सही करू नका, आणि दुसरी बहीण असेल तर आधी तिच्याशी बोला. वस्तीत समेट करणाऱ्या कार्यकर्त्यांनी "जाऊ दे ग, भाऊच आहे" हे वाक्य बंद करावे. समेट करायचा तर लोकअदालतीत लिखित करावा, तो हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो. आमच्या भावालाही एक जाहीर सांगणे आहे. घराचा पाऊण हिस्सा आता तुझा आहे. कर्जाचे हप्ते भावजयही फेडते आहे. तिचे नाव आखीव पत्रिकेवर लाव, आणि तुझ्या मुलीकडे कधी मिठाई आणि मसुदा घेऊन कोणाला जाऊ देऊ नकोस.

येत्या २५ डिसेंबरला आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात भाषणे कमी असतील. स्टेजच्या बाजूला एक टेबल असेल, त्यावर वारस नोंदीचे अर्ज असतील आणि भरून द्यायला आम्ही दोघी बसलेल्या असू. भावांनी बहिणींना घेऊन यावे.

जयभीम.